गावाचं आरोग्य केंद्र कोण चालवतं आणि तिथे हक्काने काय मागता येतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. गावात उपकेंद्र आहे, काही किलोमीटरवर प्राथमिक आरोग्य केंद्र आहे आणि दोन्हींवर जिल्हा परिषदेची पाटी आहे. तिथे नेमकं काय मिळायला हवं, ते कोण देतं, आणि डॉक्टर रजेवर गेले की सगळंच बंद पडल्यासारखं का वाटतं? मी महाराष्ट्रात जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागात आधी केंद्रावर वैद्यकीय अधिकारी म्हणून आणि पुढे तालुका पातळीवर काम केलं आहे. त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे.

आधी शेवटच्या भागाचं सांगतो. खासगी दवाखान्याला आलेला पेशंट तेवढाच माहीत असतो. प्राथमिक आरोग्य केंद्राला मात्र ठरावीक गावं आणि त्या गावांतली सगळी माणसं नेमून दिलेली असतात. सपाट भागात साधारण ३०,००० लोकसंख्येला एक केंद्र, डोंगराळ आणि आदिवासी भागात २०,००० ला एक. त्याखाली उपकेंद्रं, सपाटीवर ५,००० ला एक आणि डोंगरात ३,००० ला एक. या लोकसंख्येतली गरोदर बाई केंद्रात आली नाही तरी ती केंद्राचीच जबाबदारी असते. तिचं नाव रजिस्टरला हवं, ती का आली नाही हे कुणीतरी घरी जाऊन विचारायला हवं. ही गोष्ट लक्षात घेतली की बाकीचं सगळं कळायला सोपं जातं. ओपीडी हा या कामाचा दिसणारा भाग आहे. मोठा भाग गावात, अंगणवाडीत, विहिरीवर आणि घराच्या ओट्यावर होतो, आणि त्यासाठी डॉक्टर रोज तिथे असावे लागत नाहीत. म्हणूनच डॉक्टर नसताना सगळंच थांबत असेल, तर अडचण एका माणसाच्या रजेपेक्षा मोठी आहे असं समजा.

आता मालकी कुणाची ते पाहू, कारण लोक बहुतेक वेळा चुकीच्या दारावर तक्रार घेऊन जातात. महाराष्ट्र जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम १९६१ चा. त्यानुसार १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा उभ्या राहिल्या आणि ग्रामीण प्राथमिक आरोग्य सेवा त्यांच्याकडे आली. उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचं. केंद्रावर वैद्यकीय अधिकारी, त्यांच्यावर तालुका आरोग्य अधिकारी, जिल्ह्याला जिल्हा आरोग्य अधिकारी, आणि सगळ्यांच्या वर मुख्य कार्यकारी अधिकारी म्हणजे सीईओ. ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय आणि जिल्हा रुग्णालय थेट राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाकडे असतं. त्यांची साखळी जिल्हा शल्यचिकित्सकांपाशी जाते. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात भूलतज्ज्ञ नाही म्हणून जिल्हा परिषद सदस्याकडे गेलात तर ते सहानुभूतीने ऐकतील, पण त्यांच्या हातात फारसं काही नसतं. उलट उपकेंद्राचं कुलूप तीन आठवडे उघडलं नाही ही तक्रार जिल्हा शल्यचिकित्सकांकडे नेऊन उपयोग नाही.

आणखी एक गुंता आहे. केंद्रातले वैद्यकीय अधिकारी राज्य सेवेतले, आरोग्यसेविका आणि आरोग्यसेवक जिल्हा परिषदेचे, समुदाय आरोग्य अधिकारी आणि बरेचसे तंत्रज्ञ राष्ट्रीय आरोग्य अभियानाचे कंत्राटी, आणि आशा तर कर्मचारीच नाही, तिला कामावर आधारित मोबदला मिळतो. एका छपराखाली चार प्रकारच्या नेमणुका आणि चार प्रकारचे पगार. तरीही ज्या केंद्रात ही माणसं एक टीम म्हणून काम करतात तिथे गेल्या गेल्या फरक जाणवतो. मी हे इतक्या ठिकाणी पाहिलं आहे की इमारतीपेक्षा मी त्यालाच जास्त महत्त्व देतो.

उपकेंद्रावर आरोग्यसेविका असते, जिला गावात सिस्टर किंवा नर्सबाई म्हणतात. सोबत आरोग्यसेवक. २०१८ नंतर आरोग्यवर्धिनीची योजना आली, ज्याला आता आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात. तेव्हापासून बऱ्याच उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारीही आले. महाराष्ट्रात ते बहुतेक आयुर्वेद पदवीधर किंवा नर्सिंगचे पदवीधर असतात आणि त्यांनी सहा महिन्यांचं जादा प्रशिक्षण घेतलेलं असतं. ते साधे आजार तपासतात, बीपी-शुगरच्या गोळ्या पुढे चालू ठेवतात, गरज पडली तर ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सल्लासेवेवरून डॉक्टरांशी बोलणं करून देतात. उपकेंद्राचं दार उघडं ठेवणारा एक माणूस मिळाला हा माझ्या मते या योजनेचा सर्वांत मोठा फायदा. त्याआधी सिस्टर फील्डला गेली की कुलूप, हे ठरलेलंच होतं. त्यात तिचा दोष नव्हता.

लसीकरणावर मी थोडा वेळ घेणार आहे, कारण केंद्र नीट चालतं का हे ओळखायची ती सर्वांत चांगली जागा आहे. प्रत्येक गावाचा लसीकरणाचा दिवस वर्षाच्या सुरुवातीलाच ठरलेला असतो. त्याच्या आधी आशाकडे यादी तयार हवी: कोणतं बाळ सहा, दहा किंवा चौदा आठवड्यांचं झालंय, कुणाचं नऊ महिन्यांचं गोवर-रुबेला राहिलंय, कुणाचा दीड वर्षाचा बूस्टर आहे. आम्ही तिला ड्यू लिस्ट म्हणतो. त्या सकाळी केंद्रातून लस निघते. केंद्रातल्या आइसलाइन्ड रेफ्रिजरेटरमध्ये, म्हणजे आयएलआरमध्ये, ती २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवलेली असते. त्याचं तापमान दिवसातून दोनदा वहीत लिहायचं असतं, दिवाळीतही. लस व्हॅक्सिन कॅरिअरमध्ये जाते आणि त्यात चार आइस पॅक असतात. हे पॅक फ्रीझरमधून काढून लगेच ठेवायचे नसतात. थोडा वेळ बाहेर ठेवून, कानाशी हलवून आत पाणी खळखळतंय का ते ऐकायचं आणि मगच ठेवायचे. कारण पेंटाव्हॅलंट आणि हिपॅटायटिस बी सारख्या लसी गोठल्या तर निकामी होतात, आणि बाटलीकडे नुसतं पाहून ते कळत नाही. गोवर-रुबेलाची बाटली विरघळवली की चार तासांत संपवायची, उरली तर फेकायची. एकच बाळ आलं असेल तरी बाटली फोडायची. चार थेंब वाया गेले तरी चालतील, मूल परत जायला नको.

संध्याकाळी यादी आणि आलेली मुलं जुळवून पाहिली की खरं काम सुरू होतं. उरलेली नावं बहुतेक ऊसतोड, वीटभट्टी किंवा मेंढपाळ कुटुंबांची असतात, नाहीतर माहेरी गेलेल्या बाईची. त्यांच्यासाठी पुन्हा जावं लागतं. भारतात पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ ला सापडला आणि मार्च २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त म्हणून प्रमाणित झाला. ते अशाच उरलेल्या नावांच्या मागे लागून झालं.

गरोदरपणाचं काम याच पद्धतीने चालतं. पहिल्या तीन महिन्यांत नोंदणी, किमान चार तपासण्या, लोह-फॉलिक ॲसिडच्या १८० गोळ्या, दर वेळी बीपी, वजन, हिमोग्लोबिन आणि लघवीची तपासणी. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला डॉक्टरांकडून तपासणीचा खास दिवस असतो. या सगळ्याचा खरा उद्देश अतिजोखमीच्या माता वेळेवर ओळखणं हा आहे: हिमोग्लोबिन ७ च्या खाली, बीपी १४०/९० किंवा त्याहून जास्त, आधीचं सिझेरियन, जुळं, मागचं बाळ दगावलेलं. अशा बाईची प्रसूती केंद्रात करायची नाही, ती कुठे करायची ते आठव्या महिन्यातच ठरवायचं. बाकीच्या सरळ प्रसूती केंद्रात व्हायला हव्यात. प्रसूतीची खोली चोवीस तास चालू असणं ही प्राथमिक आरोग्य केंद्राकडून अगदी मूलभूत अपेक्षा आहे. अचानक झटके आले तर मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस केंद्रातच देऊन मगच पुढे पाठवायचं. रक्तस्राव होऊ नये म्हणून बाळ बाहेर येताच ऑक्सिटोसिन. रेफर करणं गैर नाही, काहीही न करता नुसती चिठ्ठी देऊन पाठवणं गैर आहे.

हे सगळं मोफत आहे, येण्याजाण्यासकट. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ चा. त्यात प्रसूती, सिझेरियन, औषधं, तपासण्या, रक्त, साध्या प्रसूतीनंतर तीन दिवस आणि सिझेरियननंतर सात दिवस जेवण, घरून आणणं, पुढे नेणं आणि घरी सोडणं, सगळं येतं. आजारी बाळालाही एक वर्षापर्यंत हे लागू आहे. त्यासाठी १०२ ची गाडी. १०८ ही तातडीच्या कोणत्याही प्रसंगासाठीची वेगळी सेवा, महाराष्ट्रात २०१४ पासून आहे. गाडीत डिझेल नाही म्हणून पैसे मागितले तर देऊ नका. गाडीचा नंबर आणि वेळ लिहून घ्या, तक्रारीला तेवढं पुरतं. ओपीडीबद्दलही तेच. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत आणि केंद्रांत केस पेपरसाठीसुद्धा पैसे घेतले जात नाहीत.

बाळ घरी गेल्यावर आशा तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येते. वजन करते, ताप पाहते, बाळ नीट ओढून पितंय का ते पाहते. ही पद्धत आपल्याच राज्यातून देशभर गेली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत गावातल्या बायकांना नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवलं, बालमृत्यू लक्षणीय घटले, आणि १९९९ मध्ये ते संशोधन लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलं. त्याच्याही आधी, १९७० पासून, जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी कमी शिकलेल्या बायकांना गावाच्या आरोग्य कार्यकर्त्या म्हणून उभं केलं होतं. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात हजार लोकसंख्येला एक आशा आली, त्यामागे अशा कामांची पुण्याई आहे. म्हणून आशाताईला निरोप्या समजून वागवलेलं पाहिलं की मला फार वाईट वाटतं. तिच्या वहीतली माहिती तालुक्यातल्या कोणत्याही संगणकात नसते.

साप, विंचू आणि कुत्रा यांबद्दल सगळ्यांनाच माहीत असायला हवं, कारण तिथे मिनिटं मोजली जातात. आपल्याकडे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे चार मुख्य विषारी साप, आणि चौघांवर एकच प्रतिविष चालतं. ते प्राथमिक आरोग्य केंद्रात असायलाच हवं. घट्ट दोरी बांधू नका, चिरा देऊ नका, हात-पाय हलू न देता आणा. मण्यार बहुधा रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, खूण जवळजवळ दिसतच नाही. पहाटे पोटात दुखतंय, पापण्या जड झाल्यात, बोलणं अडखळतंय अशी तक्रार घेऊन माणूस येतो. पावसाळ्यात अशी तक्रार ऐकली की आम्ही आधी सापाचाच विचार करतो. घोणस-फुरशासाठी एक साधी चाचणी आहे: कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत दोन-तीन मिलीलिटर रक्त घ्यायचं, वीस मिनिटं हलवायचं नाही, मग तिरपं करून पाहायचं. गोठलं नसेल तर विष भिनलंय. मग प्रतिविषाच्या साधारण दहा बाटल्या सलाइनमधून, ॲलर्जी आली तर ॲड्रेनलिन हाताशी. श्वास थकायला लागला की व्हेंटिलेटर लागतो, तो केंद्रात नसतो, पण पहिला डोस देऊनच रुग्ण पुढे जायला हवा. प्रतिविष आहे का, किती आहे आणि त्याची मुदत कधी संपते, हे मे महिन्यात विचारा. सापाचा हंगाम सुरू झाल्यावर विचारून फारसा उपयोग नसतो.

लाल विंचवाच्या दंशावर प्रॅझोसिनची गोळी ही महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांची देणगी. कोकणात त्या आधी धडधाकट माणसं आणि मुलं दंशानंतर फुप्फुसात पाणी भरून जात असत. ही गोळी स्वस्त आहे, प्रत्येक केंद्रात असायला हवी. कुत्रा चावला तर आधी पंधरा मिनिटं साबण आणि वाहत्या पाण्याने जखम धुवा, मग केंद्रात या. लस ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी. रक्त आलेल्या जखमेला लसीसोबत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे रेबीजविरुद्धच्या तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शनही लागतं. ते कधी कधी वरच्या रुग्णालयातच मिळतं, पण त्यासाठी लसीचा पहिला डोस थांबवायचा नाही. बरं वाटतंय म्हणून शेवटचा डोस सोडणारे खूप असतात. रेबीज एकदा झाला की उपाय नाही, एवढं घरच्यांनी ध्यानात ठेवावं.

बीपी-शुगरचं थोडक्यात सांगतो. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाची तपासणी अपेक्षित आहे, आणि सापडलेल्याला महिन्याच्या गोळ्या एकदम मिळायला हव्यात. दहा दिवसांच्या दिल्या की मजुरी बुडवून माणूस पुन्हा येत नाही. क्षयरोगाचं निदान आणि औषधं मोफत, शिवाय नोव्हेंबर २०२४ पासून पोषणासाठी महिना १,००० रुपये रुग्णाच्या खात्यात. रक्ताच्या साध्या तपासण्या केंद्रातच होतात, इतर नमुने महालॅब या राज्याच्या तपासणी योजनेमार्फत बाहेर जातात.

पाण्याचं काम मात्र लोकांना दिसतच नाही. विहिरीत आणि टाकीत ब्लीचिंग पावडर, गावात तिला टीसीएलच म्हणतात, टाकायचं काम ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाचं. पण पाणी खरंच शुद्ध झालंय का हे आरोग्यसेवक ओटी टेस्टने पाहतो. पाण्यात रसायनाचे थेंब टाकले आणि पिवळा रंग आला तर क्लोरीन आहे. पावडर जुनी, ओलसर झालेली असेल तर तिच्यातलं क्लोरीन उडून गेलेलं असतं, म्हणून तिचाही नमुना तपासायचा. वर्षातून दोनदा, पावसाळ्याच्या आधी आणि नंतर, जलस्रोतांची पाहणी होते आणि ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. लाल म्हणजे साथीचा मोठा धोका: पाइपलाइनला गळती, गटारातून गेलेला व्हॉल्व्ह, विहिरीभोवती घाण. जुलैत एका वाडीत जुलाबाचे सात-आठ रुग्ण एकदम आले तर त्यांना सलाइन लावणं हे अर्धंच काम झालं. उरलेलं अर्धं काम त्या वाडीला पाणी देणाऱ्या पाइपाशी असतं. डॉक्टर, ग्रामसेवक आणि सरपंच एकत्र उभे राहिल्याशिवाय ते होत नाही. दोन्ही यंत्रणा एकाच जिल्हा परिषदेखाली आहेत याचा खरा फायदा इथे मिळतो.

पैसा कुठून येतो? पगार आणि बरीच औषधं राज्याकडून, कार्यक्रमांचा निधी राष्ट्रीय आरोग्य अभियानातून, इमारती आणि मोठी खरेदी जिल्हा नियोजन समितीकडून, थोडा जिल्हा परिषदेच्या स्वतःच्या उत्पन्नातून. केंद्राला रुग्ण कल्याण समिती असते. औषध संपलं, इन्व्हर्टर बिघडला, प्रसूतीच्या खोलीचा नळ गळतोय, अशा गोष्टींसाठी तिने वरच्या मंजुरीची वाट न पाहता खर्च करायचा असतो. समितीची बैठकच झाली नाही तर पैसा खात्यात पडून राहतो आणि रुग्णाला चिठ्ठी मिळते बाहेरच्या मेडिकलची. अनेक जिल्हा परिषदांची मुदत २०२२ मध्ये संपली आणि पुढे बराच काळ प्रशासक राहिले. त्या काळात अशा बैठकांत प्रश्न विचारणारा निवडून आलेला माणूसच नव्हता, आणि माझ्या मते त्याचं नुकसान आरोग्यसेवेला सोसावं लागलं.

यंत्रणा अडते कुठे, हेही सांगायला हवं. रिक्त पदं हे उघड कारण. त्याहून कमी बोललं जाणारं कारण म्हणजे नोंदींचं ओझं. एकाच गरोदर बाईची माहिती सिस्टर रजिस्टरला लिहिते, पोर्टलवर भरते, महिन्याच्या अहवालात पुन्हा देते. गृहभेटीसाठी असलेली दुपार मोबाइलवर माहिती भरण्यात जाते. कंत्राटी माणसाला पुढच्या वर्षी आपण असू की नाही हे माहीत नसतं, आणि त्याच्याकडून आपण तीस वर्षांच्या बीपीचा पाठपुरावा मागतो. आदिवासी तालुक्यांत पावसाळ्यात गावं तुटतात. तिथे भरारी पथकाचे, म्हणजे दुर्गम गावांत फिरणाऱ्या पथकाचे, डॉक्टर पायी जातात, त्यांच्या नेमणुका आणि मानधन वेळेवर झालं पाहिजे, याला पर्याय नाही.

मग तुम्ही काय करायचं? गावात ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती आहे. तिच्यात ग्रामपंचायतीचे सदस्य, आशा, अंगणवाडी सेविका असतात, आणि तिला वर्षाला १०,००० रुपयांपर्यंत अबंधित निधी, म्हणजे गावाच्या गरजेप्रमाणे वापरायचा निधी, मिळू शकतो. तो कशावर खर्च झाला हे ग्रामसभेत विचारा. तिथेच लसीकरणाची उरलेली नावं किती आहेत, अतिजोखमीच्या माता किती आहेत आणि त्यांची प्रसूती कुठे ठरली आहे, गावाचं कार्ड कोणत्या रंगाचं आहे, हेही विचारा. बाईचं नाव घेऊ नका, आकडा पुरेसा आहे. ग्रामसभेला सिस्टर किंवा समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना बोलवा, पण आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायला नको. त्यांना काय हवंय ते विचारा. बहुतेक वेळा उत्तर साधं असतं: उपकेंद्राला पाण्याची जोडणी, रात्रीचा दिवा, राहायला धड खोली. कर्मचारी मुख्यालयी, म्हणजे नेमणुकीच्या गावी, राहत नाहीत अशी तक्रार होते तिथली खोली आधी स्वतः जाऊन पाहा.

तक्रार करायचीच असेल तर लेखी करा, तारीख आणि वेळ घालून. आधी वैद्यकीय अधिकारी, मग तालुका आरोग्य अधिकारी, मग जिल्हा आरोग्य अधिकारी, शेवटी सीईओ. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. औषध मिळालं नाही असं लिहिताना कोणतं औषध, कोणत्या दिवशी आणि बाहेर कितीला घ्यावं लागलं ते लिहा, जमलं तर बाहेरच्या चिठ्ठीची झेरॉक्स जोडा. साठ्याची नोंद ऑनलाइन असते, त्यामुळे औषध केंद्रात असून दिलं नाही, की ते आलंच नव्हतं, हे त्या तारखेवरून तपासता येतं. या दोन्हींची दुरुस्ती वेगवेगळ्या टेबलावर होते.